चांद्रमातीचे विद्युत अपघटन

चंद्राच्या मातीत खनिजांच्या रूपाने अडकलेला ऑक्सिजन वीजप्रवाहाने मोकळा करणे आणि त्याबरोबर लोह, सिलिकॉन, ॲल्युमिनिअम ही मूलद्रव्ये मिळवणे, अशी ही प्रक्रिया आहे. चंद्रावर हवा नाही, पण तिथल्या मातीच्या वजनात 40 ते 45 टक्के ऑक्सिजनच असतो. एक घनमीटर माती दीड टन धरली तर तीत सहाशे किलोंहून अधिक ऑक्सिजन भरतो. माणसाला श्वसनासाठी दिवसाला साधारण 0.84 किलो पुरतो. खरी मोठी गरज आहे ती अग्निबाणांची. द्रव हायड्रोजन जाळणाऱ्या अग्निबाणात इंधन आणि ऑक्सिजन यांच्या एकत्रित वजनापैकी सुमारे 85 टक्के वजन ऑक्सिजनचे असते.

हा कच्चा माल कसा असतो, ते नागपूर–कामठी परिसरातल्या खडकांवरून चांगले समजते. नागपूरची सीताबर्डी टेकडी दख्खनच्या काळ्या बेसाल्टची आहे. तिथून कन्हानकाठच्या कामठीकडे आले की बेसाल्ट संपतो आणि गोंडवन काळातला वालुकाश्म लागतो. भूविज्ञानात त्याला याच गावावरून ‘कामठी शैलसमूह’ म्हणतात. या परिसरातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात केला. कामठीच्या दगडाचा तांबूस-पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा आहे. हवापाण्यात लोह पुरते गंजले की असा रंग येतो. चंद्रावर दिसणारे काळे डाग बेसाल्टचेच आहेत, पण हवापाणी नसल्याने तिथले लोह जवळजवळ सगळे अर्धवट ऑक्सिडीभूत राहिले, आणि माती करडी दिसते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार विवर बेसाल्टमध्ये अशनीच्या आघाताने झालेले आहे. पृथ्वीवर असा प्रकार फार दुर्मीळ, म्हणून चांद्रविवरांच्या अभ्यासकांना ते मोलाचे वाटते.

सगळी चांद्रमाती मात्र बेसाल्टची नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर उतरले, ते उंचवट्याच्या प्रदेशात. तिथल्या मातीचे ‘प्रज्ञान’ या त्याच्या बग्गीने केलेले मोजमाप ॲनॉर्थोसाइट या खडकाशी जुळले. त्यात कॅल्शिअम आणि ॲल्युमिनिअम भरपूर, लोह कमी. चंद्रयानाच्या चाचण्यांसाठी इस्रोने तमिळनाडूतील सित्तमपुंडीच्या ॲनॉर्थोसाइटपासून कृत्रिम चांद्रमाती तयार केली होती. अशी माती वितळायला अधिक तापमान लागते, आणि सहज सुटणारे लोहही तीत थोडेच असते.

अपघटनाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत माती सुमारे 1600 अंश सेल्सिअसला वितळवून त्या रसातूनच वीज सोडतात. धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, ऋणाग्रावर धातू साचतो. व्होल्टता वाढवत नेली तर आधी लोह, मग सिलिकॉन, त्यानंतर टायटॅनिअम आणि ॲल्युमिनिअम असा क्रम लागतो. दुसरी पद्धत केंब्रिजच्या फ्रे, फार्दिंग आणि चेन यांनी 2000 साली प्रसिद्ध केली. तीत माती वितळवावी लागत नाही. साधारण 950 अंशांच्या वितळलेल्या कॅल्शिअम क्लोराइडमध्ये ती ऋणाग्र म्हणून बुडवतात. ग्लासगो विद्यापीठातील बेथ लोमॅक्स आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने 50 तासांत कृत्रिम मातीतला 96 टक्के ऑक्सिजन काढला. या पद्धतीत तापमान कमी लागते, पण कॅल्शिअम क्लोराइडचे हे मीठ पृथ्वीवरून न्यावे लागते आणि ते वाया जाऊ न देता परत वापरावे लागते.

हजार अँपिअरचा प्रवाह पूर्ण कार्यक्षमतेने चालला तर तासाला सुमारे 300 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सात किलोंच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. आठ माणसांना तो पुरतो. चार-पाच व्होल्ट धरले तर विजेची गरज चार-पाच किलोवॅट. हा आकडा मोठा नाही. अडचण आहे ती धनाग्राची. तापलेला ऑक्सिजन बहुतेक पदार्थांना खाऊन टाकतो. इरिडिअम बराच काळ टिकते, पण ते अतिशय महाग आहे. 2013 साली एमआयटीच्या अलानोर, यिन आणि सॅडोवे यांनी क्रोमिअम-लोह मिश्रधातूचा धनाग्र दाखवला. चांद्र ऑक्सिजनासाठी सुरू झालेल्या या संशोधनातून पुढे पृथ्वीवर कार्बनविरहित पोलाद बनवण्याचा प्रयत्न करणारी ‘बॉस्टन मेटल’ ही कंपनी निघाली. 2023 मध्ये ‘ब्लू ओरिजिन’ने कृत्रिम चांद्रमातीच्या अपघटनातून मिळालेल्या सिलिकॉनपासून सौरघट केल्याचे जाहीर केले.

या विद्येचा सगळ्यात जवळचा नातेवाईक आहे ॲल्युमिनिअमचा कारखाना. 1886 साली शोधलेल्या पद्धतीने तिथे हेच चालते: सुमारे 960 अंशांच्या वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून वीज सोडायची, तळाशी धातू जमू द्यायचा. सुटणारा ऑक्सिजन कार्बनच्या धनाग्राला जाळून वायूरूपाने निघून जातो, त्याची किंमत कोणी करत नाही. चंद्रावर नेमका तोच माल. कारखान्याच्या घटात कडेने रस थिजून एक कवच धरते आणि भिंतीला वाचवते; चांद्रघटातही तापल्या रसापासून भिंत वाचवायला न वितळलेल्या मातीचेच कवच राखण्याची योजना आहे. काही तास वीज गेली तरी कारखान्यातले घट थिजून निकामी होतात. चंद्रावरची रात्र आपल्या जवळजवळ चौदा दिवसांची. कामठी तालुक्यातल्या कोराडीसारखे वीजकेंद्र तिथे पाठीशी नसणार. त्यामुळे रात्रभर घट उबदार ठेवायचा, की थिजू देऊन पुन्हा वितळवता येईल असा बांधायचा, हा प्रश्न मला रसायनापेक्षा मोठा वाटतो. त्यातच गुरुत्व सहापट कमी असल्याने बुडबुडे धनाग्राला चिकटून राहतात आणि कामाचा वेग घटतो.

नागपुरात जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनिअम संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र आहे. मॅंगनीज काढणाऱ्या ‘मॉइल’चे मुख्यालयही नागपुरात असून भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे तिचा विद्युत अपघटनी मॅंगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. धातू, वीज आणि घट यांची इतकी जाण एका परिसरात असताना चांद्रमातीच्या घटावरचे भारतीय काम विदर्भातही व्हायला हवे. इस्रोने आणि इथल्या धातुशास्त्रज्ञांनी त्यासाठी एकत्र बसावे.