शिरगणतीच्या आरशात महाराष्ट्रातील जैन समाज

महाराष्ट्रातील जैनांचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी साहजिकच वेरूळच्या इंद्रसभेकडे, राष्ट्रकूट व शिलाहार राजांच्या दानलेखांकडे वळते. तेथे राजे भेटतात, आचार्य भेटतात, दानशूर श्रेष्ठी भेटतात. सामान्य जैन कुटुंब मात्र क्वचितच भेटते. त्याची पद्धतशीर नोंद सुरू झाली ती शिरगणतीच्या कोष्टकांतून. देशभर एकाच वेळी झालेली पहिली शिरगणती १८८१ ची. या रूक्ष कोष्टकांना समाजशास्त्राचे मोल आहे हे आपल्याला दाखविले कोल्हापूरच्या डॉ. विलास संगवे यांनी. १९५९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे जैन समाजाचे इंग्रजी सर्वेक्षण आजही या विषयाचा पाया मानले जाते.

जुने आकडे पाहताच मन चरकते. १८९१ साली भारतात सुमारे १४ लाख १७ हजार जैन नोंदले गेले. १९२१ साली ते ११ लाख ७९ हजारांवर आले. १८९६ पासूनची प्लेगची साथ, १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा यांनी गुजरात, राजपुताना व मुंबई इलाख्याची केलेली हानी त्या उतारात दिसते. परंतु सगळी घट मृत्यूची नव्हती. अनेक ठिकाणी जैनांची नोंद हिंदूंमध्ये होत असे, हे शिरगणतीच्या अहवालांनीच मान्य केले आहे.

नोंदीचा हा दोष स्वातंत्र्यानंतरही गेला नाही. १९७१ ते १९८१ या दशकात देशातील जैन सुमारे २३ टक्क्यांनी वाढले. पुढच्या दशकात वाढ जेमतेम साडेचार टक्के. १९९१ ते २००१ मध्ये ती एकदम २६ टक्के. आणि २०११ पर्यंत पुन्हा केवळ ५.४ टक्के. महाराष्ट्रात हा चढउतार अधिकच तीव्र आहे. १९८१ साली राज्यात सुमारे ९ लाख ३९ हजार जैन होते, १९९१ साली ९ लाख ६६ हजार, २००१ साली मात्र १३ लाख २ हजार! कोणत्याही समाजाचे पाळणे असे दहा वर्षे थांबून पुढील दहा वर्षे धावत नाहीत.

थोडे गणित करून पाहू. २००१ साली देशातील ४२ लाख २५ हजार जैनांपैकी सहा वर्षांपर्यंतची बालके १०.६ टक्के, म्हणजे साधारण साडेचार लाख होती. हे सात वर्षांचे जन्म. त्याच हिशेबाने दहा वर्षांत साडेसहा लाखांच्या आसपास मुले जन्मली असावीत. एकूण वाढ तर पावणेनऊ लाखांची! दशकभरात एकही जैन मृत्यू पावला नाही असे धरले तरी दोन लाखांहून अधिक माणसे उरतात. ती नव्याने जन्मली नव्हती. नव्याने 'जैन' म्हणून लिहिली गेली होती. 'धर्माच्या रकान्यात जैन लिहा' हा समाजातील प्रचार त्यामागे असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या वाढीचा हर्ष मानणाऱ्यांनी १०.६ हा आकडाही ध्यानी घ्यावा. त्या वर्षी देशात बालकांचे प्रमाण सुमारे १५.९ टक्के होते, आणि सर्व धर्मगटांत सर्वांत कमी आपले.

आर्थिक आकड्यांची कथा निराळी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे ७० टक्के जैन सर्वाधिक संपन्न पंचमांशात आढळले. 'जैन म्हणजे श्रीमंत' या समजुतीला जणू शिक्काच मिळाला. परंतु हे माप उत्पन्नाचे नाही. घराचे बांधकाम, नळ, शौचालय, दूरदर्शन संच, वाहन अशा गोष्टींवरून ते ठरते. शहरातील भाड्याच्या खोलीत राहणारे नोकरदार कुटुंबही त्यात सहज वर चढते. महाराष्ट्रात जैनांची मोठी वस्ती मुंबई, ठाणे, पुणे येथे असल्याने सरासरी त्यांच्याच बाजूला झुकते.

शिरोळ-हातकणंगल्याच्या मळ्यांत ऊस व भाजीपाला पिकविणारा चतुर्थ वा पंचम शेतकरी, मराठवाडा-विदर्भातील सैतवाळ दुकानदार, कासार कारागीर या सरासरीत कोठे दिसावेत? २००१ च्या शिरगणतीप्रमाणे देशातील शंभर काम करणाऱ्या जैनांत जवळजवळ बारा शेतकरी आणि तीनहून अधिक शेतमजूर होते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांचे प्रमाण याहून कितीतरी अधिक. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहांवर भर दिला, तो खेड्यातील याच शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील याच मातीतले.

२००१ चेच आणखी दोन आकडे. जैनांची साक्षरता ९४.१ टक्के, देशात सर्वाधिक. हा आकडा प्रत्येक व्यासपीठावरून सांगितला जातो. दुसरा सहसा सांगितला जात नाही: सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली केवळ ८७०, देशाची सरासरी तेव्हा ९२७ होती. २०११ साली तो ८८९ झाला, म्हणजे सुधारणा झाली, पण देशाच्या सरासरीखालीच राहिला. मुंगीलाही जपणाऱ्या आपल्या घरांत या मुली कोठे गेल्या, हा प्रश्न आकड्यांनी विचारला आहे. शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण ९० टक्क्यांवर असताना कामकरी म्हणून नोंदलेल्या स्त्रिया ९.२ टक्केच होत्या, हेही त्याच कोष्टकांत आहे.

२०११ साली राज्यात १४ लाख ३४९ जैन होते, म्हणजे लोकसंख्येच्या सव्वा टक्का. देशातील जवळजवळ प्रत्येक तिसरा जैन महाराष्ट्रातील. त्यानंतरची, २०२१ ची शिरगणती झालीच नाही. नव्या शिरगणतीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला असून तीत १९३१ नंतर प्रथमच सर्वांच्या जातीची नोंद व्हावयाची आहे. धर्म आणि जात हे प्रश्न वेगळे असतील. दक्षिण महाराष्ट्रातील आपली वडीलधारी मंडळी मात्र अद्याप जात विचारली की 'जैन' सांगतात, आणि मग धर्माच्या जागी प्रगणक आपल्याच समजुतीने 'हिंदू' लिहून पुढच्या घरी जातो.