पुसलेले जाते कुठे? दिवाळीनंतरच्या आवराआवरीमागचा इतिहास

घराची साफसफाई दिवाळीपूर्वी होते. घरातल्या संगणकाची वेळ मात्र दिवाळीनंतर येते. फराळाची ताटे, रांगोळ्या, भाऊबीजेचे ओवाळणे, एकाच पणतीची पंधरा छायाचित्रे, नातेवाइकांनी पाठवलेल्या शुभेच्छांच्या चित्रफिती आणि त्याखाली गेल्या तीन-चार वर्षांचा असाच ऐवज. जागा संपत आल्याची सूचना पडद्यावर झळकते आणि कोणीतरी दुपारभर बसून शेकडो फायली डिलीट करतो, रिसायकल बिन रिकामी करतो. जागा मोकळी दिसते, काम संपले असे वाटते. पण संगणकात फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल, तर त्या क्षणी फायलींतील मजकूर जवळजवळ जसाच्या तसा जागेवर असतो. असे का होते, याचे उत्तर संगणकाच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासात सापडते.

पहिल्या पिढीच्या यंत्रांपुढे पसाऱ्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. त्याची मुख्य स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. एकूण हिशेब सुमारे १० किलोबाइटचा. आजच्या फोनमधील ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र साठवायला अशा सुमारे ३०० स्मृती लागल्या असत्या. ही स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती आणि अशा स्मृतीचा एक विलक्षण गुणधर्म होता: कड्यातील बिट वाचला की तो पुसला जाई. म्हणून प्रत्येक वाचनानंतर यंत्राला तोच बिट पुन्हा लिहावा लागे. तिथे पुसणे आपोआप घडे. कष्ट पडत ते टिकवण्यासाठी.

हे समीकरण चुंबकीय चकतीने उलटवले. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ ही यंत्रणा आणली. तिच्या साठवण-यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. वीज गेली तरी मजकूर टिकून राही. साठा वाढला तशी त्यात हवे ते शोधण्याची अडचणही वाढली. १९६५ मध्ये रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी ‘मल्टिक्स’ या प्रणालीसाठी फायलींची झाडासारखी रचना मांडली: मुळापासून फांद्या, फांद्यांना उपफांद्या आणि शेवटी फायली. आज ज्याला ‘फोल्डरमधील फोल्डर’ म्हणतात, ती कल्पना ही.

अशा रचनेत फाईल कुठे आहे याची नोंद एका जागी असते आणि तिचा मजकूर चकतीवर दुसऱ्या जागी. ग्रंथालयातील सूचिपत्र आणि कपाटातील पुस्तक यांच्यात जे नाते, तेच इथे. सूचीतील नोंद खोडली, तरी पुस्तक कपाटातच राहते. फक्त ती जागा रिकामी आहे असे ग्रंथपाल समजतो आणि नवे पुस्तक आले की जुने हटवून तिथे ठेवतो.

१९८१ मध्ये आलेल्या एमएस-डॉसने घरगुती संगणकावर हीच पद्धत रूढ केली. फाईल डिलीट केली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण ठेवली जाई आणि तिने व्यापलेली जागा मोकळी असल्याची नोंद होई. मजकुराला हात लावला जात नसे. कारण व्यावहारिक होते: चकत्या संथ होत्या, सबंध मजकूर पुसण्यात वेळ गेला असता, नोंद बदलणे मात्र क्षणाचे काम. या त्रुटीचाच उपयोग करून पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये डिलीट केलेल्या फायली परत मिळवणारा प्रोग्रॅम बाजारात आणला. १९८३ मध्ये ॲपलच्या ‘लिसा’ संगणकाच्या पडद्यावर कचऱ्याची टोपली आली, १९९५ मध्ये विंडोजमध्ये रिसायकल बिन. टोपलीच्या त्या चित्रामुळे टाकलेली वस्तू नाहीशी झाली अशी समजूत पक्की झाली. खालची यंत्रणा मात्र सूचिपत्राचीच राहिली.

या समजुतीची किंमत २००३ मध्ये आकड्यांत समोर आली. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलट या एमआयटीतील संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांपैकी १२९ वाचता आल्या आणि योग्य रीतीने पुसलेल्या निघाल्या केवळ १२. उरलेल्यांमध्ये क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय माहिती आणि खासगी पत्रे सापडली. भंगारवाल्याला जुना संगणक देताना भारतातील कुटुंबही तीच जोखीम पत्करते.

मधल्या काळात साठवणीचे माध्यमच पालटू लागले होते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ‘फ्लॅश’ स्मृती मांडली. तिचा मोठा गट एका झटक्यात पुसता येतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण करून देणाऱ्या या पुसण्यावरूनच तिला हे नाव मिळाले. पेनड्राइव्ह, फोन आणि आजच्या एसएसडी याच स्मृतीवर चालतात. मात्र फ्लॅशचा प्रत्येक कोश ठरावीक वेळाच पुसता येतो, त्यामुळे आतली यंत्रणा झीज वाटून घेण्यासाठी मजकूर सतत नव्या जागी लिहिते. जुन्या मजकुरावर नवा लिहिण्याची हार्ड डिस्कवर चालणारी युक्ती इथे भरवशाची राहत नाही. म्हणून अशा साधनावर सुरुवातीपासून कूटबद्ध साठवण वापरणे आणि शेवटी तिची किल्ली नष्ट करणे, हा मार्ग सुरक्षित मानला जातो.

पुसण्याला भौतिकशास्त्रातही किंमत आहे. १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवले की एक बिट पुसताना किमान ठरावीक उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. खोलीच्या तापमानाला ती सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल भरते. २०१२ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे लेझरने पकडलेल्या एका सूक्ष्म मण्यावर प्रयोग करून या मर्यादेची पडताळणी झाली. दोन शक्यतांपैकी एक कायमची मिटवणे, ही निसर्गाच्या दृष्टीने न परतणारी क्रिया आहे.

ती न परतणारी असल्याची जाणीव नासाला उशिरा झाली. अपोलो ११ च्या चांद्रउतरणीचे मूळ, अधिक सुस्पष्ट दूरचित्र-संकेत ज्या चुंबकीय फितींवर होते, त्या फिती टंचाईच्या काळात पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ मध्ये नासाने जाहीर केला. याउलट तमिळनाडूतील कोडाईकनाल सौर वेधशाळेत १९०४ पासून कॅल्शियमच्या प्रकाशात घेतलेली सूर्याची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर आणि फिल्मवर जपली गेली. त्यांवर पुन्हा लिहिता येत नव्हते, हेच त्यांचे भाग्य. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने त्यांचे अंकीकरण केले आणि आज सूर्याच्या शंभर वर्षांच्या चुंबकीय इतिहासाचा अभ्यास त्या संग्रहावर चालतो.

भारताने २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात, कंपन्यांकडे असलेली आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क नागरिकाला दिला. मात्र व्यक्तीने घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. घरच्या संगणकाचा जबाबदार अधिकारी घरचाच माणूस.

म्हणून या आवराआवरीला एक क्रम असावा. आधी ठेवायचे ते निवडावे, त्याला तारीख आणि माणसांची नावे द्यावीत आणि त्याची एक प्रत वेगळ्या साधनावर न्यावी. मग उरलेले डिलीट करावे. आणि यंत्र घराबाहेर जाणार असेल, तर त्यातील साठवण पूर्णपणे पुसल्याखेरीज ते कोणाच्या हाती देऊ नये. आजीचा ओवाळतानाचा फोटो कदाचित एकच असतो. बँकेच्या पासबुकाची स्कॅन केलेली प्रत मात्र डिलीट केल्यानंतरही मागे राहिलेली असू शकते.