बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती माणसांची चरित्रे एका तारखेभोवती रचलेली असतात. बाबा पदमनजी, १८५४, बेळगाव. पंडिता रमाबाई, १८८३, इंग्लंडमधले वाँटेज. नारायण वामन टिळक, १८९५, मुंबई. मिशनच्या अहवालांत ही तारीख विजयाची, सनातनी वृत्तपत्रांत घाताची. पण दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते: माणूस त्या दिवशी जुना संपला आणि नवा सुरू झाला. पुढच्या लेखकांनीही हीच वाटणी उचलली. माझ्या मते या वाटणीमुळे आपण त्या माणसांना चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो. त्यांच्या श्रद्धेची कसोटी लागली ती बाप्तिस्म्यानंतरच्या पाच, आठ, कधी वीस वर्षांत, आणि जे तगले ते नवी सुरुवात एका दिवसात उरकण्याचा आग्रह सोडल्यामुळे तगले.

त्या एका दिवसाला एवढे वजन आले त्याला धर्मशास्त्रापेक्षा समाजव्यवस्था अधिक कारणीभूत होती. जातीबाहेर पडलेल्या माणसाला पंक्ती, पाणवठा, सोयरीक, वारसा सगळेच बंद होई. काही घरांत जिवंत मुलाचे क्रियाकर्म केले जाई. परतीची वाटही जवळजवळ बंद होती. १८४३मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान उभा राहिला, तरी सनातन्यांनी केवढे वादळ उठवले! बाप्तिस्मा न झालेल्या मुलाची ही गत, तर झालेल्याची काय असेल? कायद्याने हळूहळू थोडी जागा करून दिली. १८५०च्या २१व्या कायद्याने धर्म सोडला म्हणून वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले. १८६६च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर विवाह मोडण्याची तरतूद केली. पण त्यातही निर्णयाआधी वर्षभराची मुदत ठेवली. एका दिवसात घेतलेल्या निर्णयाचे संसारावर होणारे परिणाम एका दिवसात उलगडत नाहीत, एवढे तरी सरकारने ओळखले होते.

रमाबाईंचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चर्चच्या शिस्तीत मुकाट्याने सामावतील, अशी तिथल्या भगिनीसंघाची अपेक्षा होती. घडले उलटेच. त्या संघातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार म्हणजे अखंड वाद आहे: बिशपांचा अधिकार का मानावा, ख्रिस्ताच्या देवत्वाचा अर्थ काय, क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नकोत. अन्नाचे जुने नियमही त्यांनी सोडले नाहीत. भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले, आणि १८९३मध्ये मुली ख्रिस्ती होऊ लागल्याच्या वादातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. या काळाविषयीची एक कबुली महत्त्वाची आहे. १९०७च्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की इंग्लंडमध्ये त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटला तो आणखी सुमारे आठ वर्षांनी. म्हणजे जगाने ज्या दिवशी त्यांच्यावर शिक्का मारला, त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या हिशेबाने सुरुवात पुरती झालीच नव्हती. आणि केडगावचे मुक्ती सदन, १८९६-९७च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, त्यांना दिलेले शिक्षण आणि हातचे काम, हे सगळे उभे राहिले ते या दुसऱ्या, उशिराच्या सुरुवातीनंतर.

टिळक दांपत्यात तर एकाच घरात दोन वेगळे काळ चालू होते. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला अंधारात ठेवून. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी नवऱ्याबरोबर राहायला आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल कायम होती. टिळकांनी त्यांना घाई केली नाही आणि लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या श्रद्धेला आपली श्रद्धा मानण्याचे ढोंग केले नाही. जात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांना स्वतःला पटले, मग विटाळ गळून पडला. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोघांच्या बाप्तिस्म्यांत पाच वर्षांचे अंतर आहे आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे मोठेपण बऱ्याच अंशी याच अंतराच्या प्रामाणिक वर्णनात आहे. खुद्द टिळकांचीही सुरुवात १८९५मध्ये संपली नाही. त्यांनी अभंग आणि कीर्तनाचे घाट ख्रिस्ती भक्तीसाठी पुन्हा हाताळले, आणि १९१७मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. ज्या विधीसाठी त्यांनी घरदार पणाला लावले, त्याच विधीला बावीस वर्षांनंतर ते उंबरठा मानायला तयार नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारे उत्तरायुष्यातले लेखन आहे. पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८चे, रमाबाईंचे निवेदन १९०७चे, ‘स्मृतिचित्रे’ तर १९३०च्या दशकातली. म्हातारपणी माणूस आयुष्याला क्रम लावतो, गोंधळाला प्रवासाचे रूप देतो. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच आठवणींवर सगळा भार न टाकता त्या त्या वेळचा पुरावा बघायला हवा. रमाबाईंची सिस्टर जेराल्डिनना गेलेली पत्रे १८८०च्या दशकातलीच आहेत आणि त्यांत शंका उघड्या पडल्या आहेत. टिळक पतीपत्नींमधले अंतर ही घटना आहे, कुणाची मांडणी नव्हे. पदमनजी ख्रिस्ती होण्याआधी जात न मानणाऱ्या परमहंस सभेत होते, म्हणजे जातिभेद मोडण्याचा त्यांचा निश्चय बाप्तिस्म्याच्या अगोदरचा; आणि विधवांच्या दुःखावरचे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे, म्हणजे तीन वर्षे नंतरचे. सुरुवात दोन्ही बाजूंना लांबलेली दिसते, ती आठवणींवाचूनही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही सारी शिकलेली, बहुतेक ब्राह्मण माणसे. शंका घ्यायला त्यांना फुरसत होती. अहमदनगर, राहुरी, वडाळा भागातल्या महार कुटुंबांना ती कुठली? ही कुटुंबे तर १८७६-७८च्या दुष्काळात भाकरीसाठी आली, असे म्हटले जाते. भुकेने अनेकांना मिशनच्या दारात आणले, हे नाकारण्याचे कारण नाही. मिशनऱ्यांनाच त्याची धास्ती होती. पण भूक दारापर्यंत आणते, दुष्काळ सरल्यावर तिथे का थांबावे याचे उत्तर तिच्यापाशी नसते. काही परत गेले. जे थांबले, त्यांना गावदेवाच्या कामाला नकार देताना बलुत्यावर आणि गावकीवर पाणी सोडण्याची वेळ येई, आणि राहायचे मात्र त्याच महारवाड्यात. शहरातल्या ब्राह्मण ख्रिस्त्याला मिशनच्या वाड्यात आसरा होता. गावातल्या ख्रिस्त्याला रोज त्याच पाटलासमोर जावे लागे. त्याची नवी सुरुवात मुलाला शाळेत धाडण्यात, आठवड्याचा एक दिवस कामाला नाही म्हणण्यात, टाळमृदंगावर ख्रिस्ती भजन म्हणण्यात होती. ती अधिकच संथ होती, आणि तिला आत्मचरित्र लिहिणारा मिळाला नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप ख्रिस्ती समाजाच्या आतूनही येतो: सुरुवात इतकी लांबू दिली तर जुने जसेच्या तसे राहते. जात चर्चमध्ये शिरलीच, डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरितांमधल्या जातिभेदावर कठोर टीका केली, आणि ती बिनबुडाची नव्हती. मग एकदाच घाव घालून सगळे तोडणे बरे नव्हते का? पण इतिहास उलट सांगतो. जात टिकली ती बहुधा तिथे, जिथे बाप्तिस्मा झाला म्हणजे काम झाले असे समजून पुढचे प्रश्न विचारणेच थांबले. लक्ष्मीबाईंनी सोवळे एका रात्रीत टाकले नाही, पण टाकले ते समजून. रमाबाईंनी प्रत्येक आज्ञेला कारण विचारले आणि म्हणूनच त्यांचे मुक्ती सदन कुठल्याही एका मिशनची शाखा झाले नाही. संथपणा आणि तडजोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत प्रश्न जागा राहतो, दुसरीत तो मिटवला जातो.

या माणसांच्या श्रद्धेने त्यांना नेमके काय दिले, याचे उत्तर म्हणूनच धाडस एवढेच नाही. धाडस एका सकाळपुरते पुरते. श्रद्धेने त्यांना अपुरे राहण्याची मुभा दिली: कृपा माणसाच्या तयारीवर अवलंबून नाही असे मानणाऱ्याला अर्धवट समजलेल्या वाटेवरही पाऊल टाकता येते, चुकल्यावर परत विचारता येते, जोडीदाराची वाट पाहता येते. जात आणि मिशन या दोन्ही संस्थांना तत्काळ निकाल हवा होता, एकीला बहिष्कारासाठी, दुसरीला अहवालासाठी. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना आपण त्या दोघींचीच वही पुढे चालवत आलो आहोत. बाप्तिस्म्यांची नोंद ठेवणे सोपे आहे. त्यानंतर किती जणांची मुले शाळेत टिकली, किती घरांत पंक्तीभेद खरोखर गेला, किती जण परतले आणि का, याची नोंद काढणे कष्टाचे आहे. खरा इतिहास तिथे सापडेल.