अपडेटनंतरची धाप : मंदावलेल्या फोनचा छोटा इतिहास

मागच्या महिन्यात माझ्या फोनवर एक मोठे अपडेट आले. रात्री झोपण्याआधी मी होकाराच्या बटणावर बोट ठेवले. सकाळी फोन तोच होता, चाल मात्र बदललेली होती. ॲप उघडले की पडदा हळूहळू मोठा व्हायचा, मध्येच अडकायचा आणि मग धक्का बसल्यासारखा पूर्ण उघडायचा. 'सलाम' लिहायला घेतले की दोन अक्षरे लगेच यायची, तिसरे विचार करून यायचे.

चीड येण्यापलीकडे त्याचे महत्त्व वाटले नसते, पण पहिल्या तासाला हजेरी ॲपवर भरायची असते. एका नावापुढे बोट लावले, काहीच झाले नाही. पुन्हा लावले. तेवढ्यात अडकलेली यादी एकदम सरकली आणि माझे दुसरे बोट भलत्याच नावावर पडले. पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे बघणारी मुलगी फोनच्या लेखी गैरहजर झाली. घरी आपोआप मेसेज गेला. संध्याकाळी तिच्या अम्मीचा फोन आला, "टीचर, लडकी आज स्कूल आई थी क्या?" पोरगी दुपारपासून सांगत होती की मी शाळेतच होते. कोणी ऐकले नाही. मोबाइल खोटे कशाला बोलेल?

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने फोन मागेपुढे करून पाहिला आणि निकाल दिला, "टीचर, फोन बुड्ढा हो गया. नया ले लो." परवा रात्रीपर्यंत धडधाकट असलेला फोन एका रात्रीत म्हातारा कसा झाला, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. ते उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडते.

सुरुवात फोनच्याही आधीची आहे. बी.एड.ला आम्ही थॉर्नडाइकचे अध्ययनाचे नियम पाठ केले होते : तयारीचा, सरावाचा आणि परिणामाचा. कृतीचा परिणाम समाधान देणारा असेल, तर ती कृती मनात पक्की होते. मुलाने उत्तर दिले आणि शिक्षक आठवड्याने 'बरोबर' म्हणाला, तर त्या शाबासकीचा उपयोग काय? यंत्राच्या बाबतीत हाच प्रश्न आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली एका निबंधात हाताळला. माणसाने कळ दाबल्यावर यंत्राने किती वेळात प्रतिसाद द्यावा? कळ दाबली गेली एवढे कळण्यासाठी साधारण ०.१ ते ०.२ सेकंद, असे त्यांचे उत्तर होते. त्याहून उशीर झाला की दाबणे आणि उमटणे यांचा मनातला सांधा निखळतो, आणि माणूस पुन्हा दाबतो. हजेरीच्या वेळी मी तेच केले होते.

आता पडद्याकडे वळू. बहुतेक फोनचा पडदा वर्षानुवर्षे सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवत आला. म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंद. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र पुन्हा दिसते आणि डोळ्याला गचका जाणवतो. नव्या अपडेटमध्ये सावल्या, धूसर पडदे, सरकत्या खिडक्या असे काम वाढते. मेमरी आणि प्रोसेसर मात्र जुनेच असतात. पास्कल भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ च्या एका लेखात हे दुखणे नेमके नोंदवले होते : यंत्रे जितक्या वेगाने वेगवान होतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर मंद होत जाते.

स्मार्टफोनच्या जगात याचा पहिला मोठा अनुभव २०१० साली आला. भारतात अधिकृतपणे विकला गेलेला पहिला आयफोन म्हणजे २००८ चा आयफोन ३जी. त्याची मेमरी अवघी १२८ एमबी. जून २०१० मध्ये ॲपलने त्याला आयओएस ४ दिले. एकाच वेळी अनेक ॲप चालवण्यासारख्या नव्या सोयी या जुन्या फोनला मिळाल्या नाहीत, ओझे मात्र मिळाले. ॲप उघडेनात, की-बोर्ड अडकू लागला. मागे परतावे, तर कंपनीने जुन्या आवृत्तीचा अधिकृत रस्ता बंद केलेला. सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस ४.१ ने त्रास बराच कमी केला, तरी कॅलिफोर्नियात एका ग्राहकाने दावा दाखल केलाच. विकत घेतलेली वस्तू विक्रीनंतर घरबसल्या बदलते, आणि पूर्वीसारखी करून मिळत नाही, ही ग्राहकांसाठी नवीच गोष्ट होती.

अपडेट म्हणजे मंदपणाच, असेही नाही. २०१२ च्या जूनमध्ये गूगलने अँड्रॉइड ४.१ सादर केले. त्यातल्या मोहिमेला नाव दिले होते 'प्रोजेक्ट बटर', म्हणजे फोन लोण्यासारखा मऊ चालावा. चित्रे पडद्याच्या ठेक्याशी जुळवली गेली, आणि बोट टेकताच प्रोसेसरचा वेग क्षणभर वाढवण्याची सोय केली गेली. त्याच यंत्रावर अनुभव सुधारता येतो, हे तेव्हा दिसले.

पुढच्याच वर्षी उलटे चित्र. सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आले, त्यात पडदे मोठे होत समोर झेपावायचे. काही लोकांना चक्कर येऊ लागली, मळमळू लागले. ऑक्टोबरमधल्या ७.०.३ आवृत्तीत ही हालचाल कमी करण्याची सोय सुधारून दिली गेली. जुन्या आयफोन ४ च्या मंद चालीवर उपाय यायला मात्र मार्च २०१४ उजाडला.

याच सुमारास एक कुजबुज सगळीकडे होती : नवा फोन बाजारात आला की कंपनी जुना मुद्दाम मंद करते. २०१४ मध्ये अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये हार्वर्डच्या एका संशोधक विद्यार्थिनीचे निरीक्षण मांडले. नवा आयफोन आला की 'आयफोन स्लो' हे शब्द गूगलवर शोधणाऱ्यांची संख्या उसळी घेत होती. सॅमसंगच्या गॅलक्सी फोनबाबत तशी उसळी दिसत नव्हती. पण मुल्लैनाथन यांनी सावधपणे हेही सांगितले की हा पुरावा नव्हे. नवे सॉफ्टवेअर नव्या यंत्रासाठी बेतलेले असते. आणि नवा फोन पाहिल्यावर हातातला जुना अधिकच मंद वाटू शकतो. मनाचा खेळही असेल. त्यानंतर तीन वर्षे तक्रार करणाऱ्याला मिळणारे नेहमीचे उत्तर हेच होते : तुम्हाला तसे वाटते.

जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आले. त्याआधी आयफोन ६ आणि ६एस अचानक बंद पडत होते. फेब्रुवारीत कंपनीने सांगितले की बंद पडण्याचे प्रमाण ६एसमध्ये ८० टक्क्यांहून अधिक घटले आहे. कसे घटले, हे सांगितले नाही. डिसेंबरमध्ये एका वापरकर्त्याने बॅटरी बदलली आणि त्याचा मंद फोन पुन्हा चपळ झाला. मग फोनचा वेग मोजणारी प्रणाली चालवणाऱ्या जॉन पूल यांनी आपल्याकडे जमलेल्या मोजण्यांचा आलेख काढला. आम्ही शिक्षक मुलांच्या गुणांचा आलेख काढतो, त्याला साधारण एक उंचवटा असतो. पूल यांच्या आलेखात अपडेटनंतर खालच्या वेगांवर अनेक उंचवटे उगवले होते. झिजलेले यंत्र असे ठरावीक पायऱ्यांनी उतरत नाही. वेगाला कोणीतरी मर्यादा घातलेली होती.

दोन दिवसांत, २० डिसेंबर २०१७ रोजी, ॲपलने मान्य केले. कारण खोटे नव्हते. बॅटरी जुनी झाली की एकदम लागणारी जास्त वीज ती देऊ शकत नाही आणि फोन बंद पडतो. ते टाळण्यासाठी प्रोसेसरला लगाम घातला होता. त्याचे परिणाम कंपनीने स्वतःच पुढे लिहून दिले : ॲप उघडायला जास्त वेळ, सरकवताना कमी चित्रे. लोक नेमके हेच सांगत होते. २८ डिसेंबरला माफी आली. अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला मिळू लागली, भारतात ६,५०० रुपयांची सुमारे २,००० ला. मार्च २०१८ मधल्या आयओएस ११.३ ने बॅटरीची तब्येत दाखवली आणि लगाम काढण्याचा पर्यायही दिला.

मग दंड झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. सॅमसंगने २०१४ च्या नोट ४ च्या मालकांना नव्या फोनसाठी बेतलेले अँड्रॉइड घ्यायला लावले, पण त्यातून होऊ शकणारे गंभीर बिघाड सांगितले नाहीत, असा ठपका होता. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला, कारण फोन मंदावू शकतो हे ग्राहकांना आधी सांगितले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत कंपनीने दोष मान्य न करता ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली.

फ्रान्सचा निर्णय मला फार बोलका वाटतो. तिथे दंड झाला तो न सांगण्याबद्दल. उर्दूत आणि मराठीत एकच शब्द आहे, ऐब. मालात ऐब असेल तर ती दाखवून विकावी, हे आमच्या आठवडी बाजारातला भांडीवालाही जाणतो. बॅटरी थकली आहे, म्हणून वेग कमी करतो, चालेल का? एवढे एक वाक्य पडद्यावर आले असते, तर कित्येकांनी हो म्हटले असते. ज्यांना नको होते त्यांनी नवा फोन घेण्याऐवजी बॅटरी बदलली असती. ते वाक्य आले नाही आणि वर्षभर माणसे स्वतःच्याच बोटांवर संशय घेत राहिली.

मनात आणले तर उलटेही घडते. सप्टेंबर २०१८ चे आयओएस १२ जुन्या फोनांना वेग देण्यासाठी बनवले गेले. २०१३ चा आयफोन ५एससुद्धा त्यात होता. बोट टेकताच प्रोसेसर झटकन वाढवायचा आणि काम होताच उतरवायचा, ही युक्ती त्यात होती.

आता माझ्या फोनचे. अपडेटनंतर पहिले दोन-तीन दिवस फोन आतली आवराआवर करतो, तेव्हा गरम होणे आणि अडकणे साहजिक असते. मी तेवढे दिवस थांबले. भरलेली साठवण रिकामी केली, कारण गच्च भरलेल्या फोनला लिहायला जागा शोधावी लागते. डेव्हलपर पर्यायांत जाऊन ॲनिमेशनची तिन्ही मापे निम्म्यावर आणली. त्याने फोन खरोखर वेगवान होत नाही, पण वाट बघण्यावर घातलेली सजावट कमी होते. बॅटरीही बदलून घेतली. फोन आता बराच बरा आहे. नव्या फोनचा खर्च वाचला. अपडेट टाळा असे मी म्हणणार नाही, सुरक्षेसाठी ती लागतात. पण फोन मंदावला तर तारीख, आवृत्ती आणि काय अडकते ते लिहून ठेवा, आणि दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. आलेख हाती येईपर्यंत पूल यांच्याकडेही सुट्या मोजण्याच होत्या.

त्या मुलीच्या अम्मीला मी त्याच संध्याकाळी सांगितले होते, "लडकी सच बोल रही थी, गलती मेरे फोन की थी." दुसऱ्या दिवशी वर्गातही सांगितले, सगळ्यांसमोर. ती काही बोलली नाही. फक्त हजेरी घेताना आता तिचे नाव आले की ती हात वर करून मोठ्याने 'हाजिर' म्हणते, आणि मी खूण उमटलेली बघेपर्यंत हात खाली घेत नाही.