हंशील कोणीं भरावा?

इंग्लंडांत १८४० पूर्वीं पत्राचा हंशील बहुधा तें घेणाऱ्याकडून वसूल होत असे. रोलंड हिल यांच्या योजनेनें एक पेनीचें तिकीट आलें आणि हा भार पाठविणाऱ्याकडे गेला. ई-मेलनें तो क्रम पुन्हां उलटा केला. एक पत्र धाडा कीं दहा लाख, पाठविणाऱ्याचा खर्च जवळजवळ तितकाच. वाचण्याचा, निवडण्याचा व पुसून टाकण्याचा त्रास मात्र घेणाऱ्याचा. स्पॅम म्हणजे नको असलेल्या पत्रांचा भडिमार. त्याचें मूळ मनुष्यस्वभावांत शोधण्यापेक्षां या हिशेबांत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

पहिला नमुना ३ मे १९७८ चा मानतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थर्क यांनीं नव्या संगणकांच्या प्रदर्शनाचें आमंत्रण अर्पानेटवरील सुमारें ४०० लोकांस एकदम धाडिलें. पत्ते इतके झाले कीं ते नेमल्या जागेंत न मावतां खालीं मजकुरांत उतरले! अर्पानेट हें अमेरिकन संरक्षणखात्याच्या पैशावर चालणारें जाळें. तेथें व्यापारास मज्जाव. कानउघाडणी झाली आणि प्रकरण मिटलें. लहान गांवांत डोळे वटारले कीं पुरतें. एप्रिल १९९४ मध्यें मात्र हें गांव शहर झालें होतें. ॲरिझोनांतील कँटर व सीगल या वकील दांपत्यानें ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात यूझनेटच्या हजारों चर्चागटांत टाकली. संतापाच्या पत्रांखालीं त्यांना इंटरनेट पुरविणाऱ्याचीं यंत्रें कोलमडलीं. दांपत्यानें मात्र या युक्तीनें श्रीमंत कसें व्हावें, यावर पुस्तक लिहिलें.

मग कायदे आले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार व्यक्तीस जाहिरात धाडण्यापूर्वीं सामान्यतः तिची संमति हवी. अमेरिकेच्या २००३ च्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्यानें नेमकी उलट वाट धरली: प्रेषक खोटा नसावा, शीर्षक फसवें नसावें, एवढें पाळून पत्र खुशाल धाडावें, घेणाऱ्यानें नको म्हटल्यावर थांबावें. म्हणजे नको म्हणण्याचे कष्टही घेणाऱ्याचेच. कॅलिफोर्निया राज्यानें आधीं संमति मागणारा कडक कायदा केला होता. तो १ जानेवारी २००४ रोजीं सुरू व्हावयाचा. त्याच दिवशीं केंद्राचा कायदा अंमलांत आला आणि राज्याचा बहुतांशीं निष्प्रभ झाला. ‘कॅन’ म्हणजे ‘खुशाल करा’, अशी टीकाकारांनीं कोटी केली ती अगदींच अन्यायाची नव्हे.

आमच्याकडे तिसराच प्रकार घडला. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें कलम ६६अ आलें. त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा प्रेषकाविषयीं फसविण्यासाठीं ई-मेल धाडणें हा त्याच्या एका पोटकलमानें गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. येथें हंशिलाचा विचारच नव्हता. घेणाऱ्याच्या मनास काय वाटलें यावर तुरुंग अवलंबून ठेविला होता. परिणाम नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघरला दिसला. एका तरुणीनें मुंबईंतील बंदाविषयीं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनें त्या पसंत असल्याची नुसती खूण केली, आणि दोघींस अटक झाली. सर्वोच्च न्यायालयानें श्रेया सिंघल खटल्यांत २४ मार्च २०१५ रोजीं संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविलें. ‘त्रास’, ‘गैरसोय’ या शब्दांस सीमाच नाहीं, हें त्याचें एक कारण. निकाल योग्यच होता. परंतु त्या कलमाबरोबर ई-मेलविषयींचें तें पोटकलमही गेलें. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत व्यापारी संदेशांसाठीं ग्राहकाची पसंती व संमति यांची व्यवस्था आहे, पण ती दूरध्वनि व एसएमएस यांपुरती. ई-मेल तींत नाहीं.