ठासणीची बंदूक आणि चुकांचा रकाना

ठासणीची बंदूक व्यवहारातून गेली, तरी मराठी भाषेतून ती पुरती गेलेली नाही. लग्नाचा बार आपण अजून उडवतो. गाजावाजा होऊन हाती काहीच लागले नाही, तर बार फुसका निघाला असे म्हणतो. या वाक्प्रचारांत बंदुकीचा आवाज आहे, धूर आहे, फजितीही आहे. दारूचे माप मात्र नाही. हे माप लिहून ठेवण्याची सवय आणि त्यातून उभे राहिलेले ज्ञान, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

तयार काडतुसाच्या बंदुकीत दारूचे प्रमाण कारखान्यातच ठरून येते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हाताने नव्याने रचावा लागतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चरबी किंवा तेल लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी बसवायची आणि गजाने ती तळापर्यंत ठासायची. दारूचे वजन, तिच्या कणांचा आकार, गोळीचा व्यास, चिंधीची जाडी, ठासण्याचा जोर, आधीच्या बाराची नळीत साचलेली काजळी, यांपैकी एक गोष्ट बदलली तरी गोळी दुसरीकडे जाते. नेमबाजाच्या स्मरणात बहुधा लागलेले नेमच राहतात. म्हणून हौसेने या बंदुका चालवणारे लोक आजही वही बाळगतात. दारू ग्रेनमध्ये मोजतात (७००० ग्रेन म्हणजे १ पौंड), एका वेळी एकच घटक बदलतात आणि चुकलेला बारही लिहितात.

या शिस्तीला शास्त्राचे रूप देणाऱ्यांत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्याचा जन्म १७०७ चा. ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हा त्याचा ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. गोळीचा वेग मोजण्यासाठी त्याने लंबकाची युक्ती योजली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडायची आणि ठोकळा किती मागे झुलला हे त्याला जोडलेल्या फितीवरून मोजायचे. गोळीचे व लंबकाचे वजन ठाऊक असले, की गणिताने वेग काढता येतो. पाऊण इंच व्यासाची गोळी तिच्या सुमारे निम्म्या वजनाच्या दारूने ४५ इंची नळीतून उडवली असता वेग सेकंदाला सुमारे १७०० फूट भरला. तोवरच्या तोफशास्त्रात हवेचा विरोध बहुधा नगण्य मानला जाई. या वेगाला तो गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट असतो, असे रॉबिन्सने दाखवले. गोळीचा मार्ग शुद्ध अन्वस्त असतो हा समज त्यामुळे टिकणे अवघड झाले.

साहित्याच्या अभ्यासकाने रॉबिन्सचा तक्ता पाहावा, तो मात्र वेगळ्या कारणासाठी. त्यात दारूचे वजन आहे, प्रयोगात लंबक किती हलला हे आहे, सिद्धान्तानुसार किती हलायला हवा होता हे आहे. आणि शेजारी या दोहोंतील फरकाचा, म्हणजे सिद्धान्ताच्या चुकीचा, स्वतंत्र रकाना आहे. स्वतःच्या विरुद्धचा पुरावा लेखकाने स्वतःच वाचकाच्या हाती ठेवावा, हे गद्याच्या इतिहासातही दखल घेण्याजोगे आहे. ऑयलरने १७४५ मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विस्तृत टीकेसह केले. चार्ल्स हटनने १७७५ मध्ये वुलिच येथे हाच लंबक तोफगोळ्यांसाठी वापरला. नोंदी उघड असल्यामुळे त्या पडताळता आल्या, पुढे नेता आल्या.

दारू सर्द झाली की तिचा जोर घटतो, हेही रॉबिन्सने नोंदवले आहे. इथे मराठी वाचकाला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण व्हावी. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात गडावरचा दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी आज्ञा आहे. सर्दावलेल्या दारूचा अनुभव दोन्हीकडे आहे. एकीकडे त्याची आज्ञा झाली, दुसरीकडे तक्ता झाला. यात उच्चनीच पाहू नये. आज्ञापत्र राज्य राखण्यासाठी लिहिले गेले आणि त्या कामी आज्ञाच हवी. मात्र आज्ञा पाळली जाते वा मोडली जाते. तक्त्यातला आकडा कोणालाही खोडून काढता येतो. ज्ञानाची वाढ या दुसऱ्या सोयीवर अवलंबून असते.

हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख अभियंता म्हणून आपल्याच देशात आला. कंपनीचे किल्ले मजबूत करण्याचे काम त्याच्याकडे होते. १७५१ च्या जुलैत, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो वारला. त्याने जमवलेले ज्ञान साम्राज्याच्या उपयोगाचे होते, हे विसरून चालणार नाही. नोंद प्रामाणिक असली म्हणून तिचा वापर न्याय्य ठरत नाही.

तरीही बखरी आणि पोवाडे शिकवताना ही वही जवळ असावी असे वाटते. गोळ्यांचा पाऊस पडला, हे वाक्य वाचताना पावसाळी हवेत किती बार फुसके गेले असतील, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा. त्याने वीरांचे मोल कमी होत नाही. त्यांच्या हातातले साधन किती बेभरवशाचे होते हे कळल्यावर ते अधिक नीट कळते.