तीन लिप्यांचा दगड

गाइड बरोबर घ्यायचा, दहा-वीस माणसांचा जथा करायचा आणि ठरलेले मुक्काम करत मुलूख बघायचा, ही रीत टूर कंपन्यांनी काढली असं आपण समजतो. पण १३४४ साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता श्रीलंकेला उतरला, तेव्हा त्याचीही अशीच सोय झाली होती. त्याला तिथल्या उंच डोंगरावरचं पाऊल बघायचं होतं. बौद्ध त्या पावलाला बुद्धाचं मानतात, हिंदू शंकराचं आणि मुसलमान बाबा आदमचं. उत्तरेच्या आर्यचक्रवर्ती राजानं त्याला पालखी दिली. सोबत दिले ते दरवर्षी ही यात्रा करणारे चार जोगी, तीन ब्राह्मण, स्वतःची दहा माणसं आणि शिधा वाहायला पंधरा हमाल. हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलं आहे. पाहुणा मुसलमान, यजमान राजा हिंदू, वाटाडे जोगी आणि डोंगराभोवतीचा मुलूख बौद्ध. सातशे वर्षांपूर्वी हे कुणाला नवल वाटलं नाही.

मी श्रीलंकेला गेलो तो २०१८ च्या फेब्रुवारीत. चौतीस जणांचा ग्रुप, सगळे सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडचे. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार, हा शिरस्ता. टूर मॅनेजरच्या हातात छोटा झेंडा. तिथला सिंहली गाइड इंग्रजीत सांगायचा आणि मॅनेजर त्याचं मराठी करायचा. आम्ही नवरा-बायको सोडलो तर ग्रुपमध्ये मुसलमान कुणी नव्हतं. त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरून भडंगाची पिशवी आमच्यापर्यंत आली आणि आमच्या नानकटाया पुढच्या सीटपर्यंत गेल्या.

पहिला मुक्काम अनुराधपूर. हजाराहून अधिक वर्षं हे राजधानीचं शहर होतं. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड तिथं आजही लोक पूजतात. जेतवन स्तूप निव्वळ विटांचा. बांधला तेव्हा त्याची उंची १२२ मीटर होती असा अंदाज आहे. गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्या काळात जगात त्याहून उंच बांधकाम नव्हतं. माना वर करकरून सगळे दमले.

तिथं गाइडनं एक गोष्ट सांगितली. एलार नावाचा तमिळ राजा इथं चव्वेचाळीस वर्षं राज्य करत होता. सिंहली राजा दुट्ठगामणीनं त्याला द्वंद्वयुद्धात मारलं. पण मारल्यावर त्याचं स्मारक उभारलं आणि हुकूम काढला की, इथून जाताना कुणी वाद्यं वाजवायची नाहीत. ही गोष्ट महावंसात आहे, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या ग्रंथात. एलार न्यायानं राज्य करत होता असंही तोच ग्रंथ म्हणतो. मला अफझलखानाची प्रतापगडाच्या पायथ्याची कबर आठवली. बोललो नाही. टूरवर माणूस सगळंच बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी पोलोन्नरुवा. इथं लंकातिलक नावाचं विटांचं मोठं मंदिर आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती पन्नास फुटांच्या वर जातात, वरचं छप्पर नाही आणि आत उभ्या बुद्धाची प्रचंड मूर्ती. मूर्तीला डोकं नाही. सगळे गप्प उभे राहिले. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. ग्रुपमध्ये सगळे त्यांना बाईच म्हणायचे. वही-पेन घेऊन गाइडच्या अगदी जवळ उभ्या राहायच्या. त्यांनी विचारलं, "हे मुसलमानांनी फोडलं असेल, नाही का?"

त्यात विष नव्हतं. आपल्याकडे पडकं देऊळ दिसलं की जो प्रश्न ओठावर येतो, तोच आला. पण मॅनेजरनं गाइडला तो सांगायच्या आधी एकदा माझ्याकडे बघितलं. मग आणखी दोघा-तिघांनी बघितलं. मी मूर्तीकडे बघत राहिलो. ती नजर मला नवी नाही. शाळेत इतिहासाच्या तासाला अफझलखानाचा धडा आला की बाकावरची पोरं अशीच वळून बघायची. नंतर सुट्टीत तीच पोरं माझ्याबरोबर कबड्डी खेळायची.

गाइडला प्रश्नच कळेना. तो म्हणाला, मुसलमान राजाची फौज इथं कधी आली नाही. आणि ते खरं आहे. दिल्लीच्या किंवा दख्खनच्या कुठल्याही सुलतानानं ही खाडी ओलांडली नाही. इथले मुसलमान आले ते व्यापारी म्हणून, दालचिनी आणि रत्नांसाठी. मग त्यानं खरा हिशेब सांगितला. अनुराधपूर मोडलं ते चोळांनी. राजराजाची फौज ९९३ च्या सुमाराला आली आणि १०१७ मध्ये राजेंद्र चोळाच्या सैन्यानं राजा पाचवा महिंद याला कैद करून नेलं. चोळांना घालवलं पहिल्या विजयबाहूनं, १०७० मध्ये. पोलोन्नरुवाचं वैभव पराक्रमबाहूच्या काळातलं, ११५३ ते ११८६. त्यानं बांधलेला तलाव इतका मोठा की त्याला समुद्र म्हणतात. मग १२१५ मध्ये कलिंगाचा माघ चालून आला आणि त्यानं विहार लुटले. पुढं राजधानीच हलली, पाट-कालवे बुजले, हिवताप आला, जंगल वाढलं. छप्पर कोसळलं की विटांची मूर्ती किती टिकणार?

"म्हणजे आपल्याच लोकांनी?" बाईंनी विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

आतून मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. चला, या वेळी आपण नाही. पण ते हायसं वाटणं पाच मिनिटंही टिकलं नाही. गाइड सांगता सांगता "तमिळ फौजा, तमिळ फौजा" असं दोन-तीनदा म्हणाला. आमच्या बसचा क्लीनर मुलगा पाण्याच्या बाटल्या घेऊन बाजूला उभा होता. तो तमिळ होता, चहाच्या मळ्यांकडचा. त्यानं मान खाली घातली आणि बाटल्या मोजायला लागला. बाटल्या मघाशीच मोजून झाल्या होत्या. मघाशी मी मूर्तीकडे बघत होतो, तसाच तो बाटल्यांकडे बघत होता. ज्या देशात १९८३ पासून २००९ पर्यंत सिंहली-तमिळ युद्ध चाललं, तिथं हजार वर्षांपूर्वीच्या फौजेचं नाव घेतलं तरी ते आजच्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसतं.

पोलोन्नरुवाचे दगड मात्र दुसरीही बाजू सांगतात. तिथं चोळांच्या काळात बांधलेलं शंकराचं दगडी देऊळ आहे. चोळ गेले, सिंहली राजे आले, शंभर-दीडशे वर्षं राहिले, पण त्या देवळाला कुणी हात लावला नाही. आज शहरातल्या सगळ्यांत जुन्या आणि धड उभ्या इमारतींत ते गणलं जातं. जवळच एक तमिळ शिलालेख आहे. वेळैक्कार नावाचे तमिळ सैनिक त्यात शपथ घेतात की, बुद्धाच्या दंतधातूच्या मंदिराचं आम्ही रक्षण करू. म्हणजे बौद्धांच्या सर्वांत पवित्र वस्तूवर पहारा तमिळांचा. या लेखापाशी आमची बस थांबली नाही. वेळापत्रकात नव्हता. मला तो परत आल्यावर पुस्तकात भेटला.

टूरवर इतिहासाचं असंच होतं. दोन थांब्यांच्या मधलं गळून जातं. सिगिरियाचा कडा चढायचा, कॅन्डीत दंतमंदिर बघायचं, चहाच्या मळ्यात फोटो काढायचे आणि एकदम समुद्रकाठच्या डच शहरात उतरायचं. कॅन्डीचे शेवटचे चार राजे दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्यातले होते आणि त्यांच्यातल्याच कीर्ती श्री राजसिंहानं १७५३ मध्ये सयामहून भिक्खू आणून तिथली मोडलेली बौद्ध दीक्षापरंपरा पुन्हा सुरू करवली, हे बसमध्ये कुणी सांगत नाही. तेवढा वेळ अंताक्षरीत जातो. मीही त्यात होतो.

मग आलं गॉल. पोर्तुगीजांनी तिथं गढी बांधली, १६४० मध्ये डचांनी ती घेतली आणि सबंध गावाभोवती तट उभारला. १७९६ मध्ये इंग्रज आले. जुन्या दरवाजावर बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह आहे आणि आतून डच कंपनीचं, १६६९ सालचं. एकाच कमानीला दोन मालक. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं बसस्टँड आणि क्रिकेटचं मैदान उद्ध्वस्त झालं, पण तटाच्या आतलं गाव बरंचसं वाचलं. आत डचांचं १७५५ चं चर्च आहे आणि दीपस्तंभासमोर पांढरीशुभ्र मशीद. ती लांबून चर्चच वाटते. आमच्यातले काहीजण आधी तिकडे हात जोडून आले.

किल्ल्यात मुसलमान वस्ती मोठी. एका दुकानदारानं माझं नाव ऐकून विचारलं, "घरी उर्दू बोलता?" मी म्हटलं, "मराठी." तो हसला. म्हणाला, "आम्ही तमिळ बोलतो, पण आम्हाला तमिळ म्हणू नका. आम्ही मूर." हे नाव पोर्तुगीजांनी दिलेलं. सरकारी कागदांतही तेच आहे. पोर्तुगीजांनी १६२६ मध्ये या लोकांना आपल्या मुलखातून हुसकलं, तेव्हा कॅन्डीच्या बौद्ध राजा सेनरतानं त्यांतल्या सुमारे चार हजारांना पूर्व किनाऱ्यावर जमीन देऊन वसवलं. आणि ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना तमिळ वाघांनी घराबाहेर काढलं. जाफना शहरात मुदत मिळाली दोन तासांची. बोलायची भाषा दोघांचीही तमिळच होती.

शेवटचा दिवस कोलंबोचा. दुपारी खरेदी, त्याआधी तासभर राष्ट्रीय संग्रहालय. १८७७ साली उघडलेली ही इमारत वापची मरिकार नावाच्या मुसलमान कंत्राटदारानं बांधली. गव्हर्नरनं खूश होऊन बक्षीस विचारलं, तर शुक्रवारी संग्रहालय बंद ठेवा एवढंच त्यानं मागितलं, अशी गोष्ट सांगतात.

आत एक दगड आहे. साधारण पावणेपाच फूट उंच, माथ्यावर समोरासमोर दोन ड्रॅगन. हा १९११ मध्ये गॉलला एका इंग्रज इंजिनिअरला सापडला, रस्त्याखालच्या मोरीवर पालथा घातलेला. उलटा केला तेव्हा अक्षरं दिसली. चीनचा नौदल सेनापती चंग ह यानं तो १४०९ साली नानकिंगला कोरवून जहाजातून आणलेला. त्यावर तीन लेख आहेत. चिनी लेखात बुद्धाला दिलेली दानं, तमिळ लेखात तेनवरै नायनार या विष्णुरूपाला दिलेली आणि फारसी लेखात अल्लाच्या नावानं दिलेली. सोनं, चांदी, रेशीम, सुगंधी तेल. तिन्हीकडे दानं जवळजवळ सारखी. चंग ह स्वतः मुसलमान घरात जन्मलेला.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, नाहीतर मीही अर्धी गोष्ट सांगून बसमध्ये चढलो असं होईल. हाच चंग ह १४११ मध्ये इथल्या राजाशी लढला आणि त्याला कैद करून चीनला घेऊन गेला. दानं देणारा आणि राजाला पकडून नेणारा माणूस एकच.

बाई शेजारी उभ्या होत्या. झिजलेल्या अक्षरांकडे बोट करून म्हणाल्या, "हे तुम्ही वाचा की. तुमची भाषा आहे."

मी म्हटलं, "बाई, माझी भाषा मराठी. मदरशात अक्षरं तेवढी शिकलो. ही फारसी आहे, तिचा अर्थ मला लागत नाही. तुमच्यासारख्याच एका बाईंनी मला ग म भ न गिरवायला लावलं."

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे इथं आपण दोघंही अडाणीच." आणि हसल्या. मग मॅनेजरकडे वळून म्हणाल्या, "अरे, आपल्या बसमधल्या त्या पोराला बोलव. त्याला तमिळ येत असेल." मॅनेजर कुरकुरला, वेगळं तिकीट काढावं लागेल म्हणाला. बाईंनी पर्स उघडली.

मुलगा चप्पल बाहेर काढूनच आत आला, देवळात आल्यासारखा. जुनी तमिळ त्याला सरसर वाचता येईना. खाली वाकून, दगडापासून बोटभर अंतरावरून तो बोट फिरवत राहिला. मग एका ठिकाणी थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, "नायनार."

बाईंनी वही काढली आणि त्याला तो शब्द त्याच्या लिपीत लिहायला सांगितला. मग वही माझ्यापुढे धरली. मी त्याखाली मला लागलेली दोन-तीन फारसी अक्षरं काढली. तिसरी ओळ त्यांनी स्वतः मराठीत लिहिली: कोलंबो, दुपारी सव्वाबारा.